सहस्र फेकींचे व्रत

ज्या प्राण्याने जेवणच सोडले आहे त्याच्यापुढे दिवसभर ताट फिरवत राहायचे, तेही सहा-सात अंश सेल्सिअसच्या वाहत्या पाण्यात कमरेपर्यंत उभे राहून, पायाखालचे शेवाळलेले गोटे सरकत असताना आणि वाहणारे नाक पुसायला हात मोकळा नसताना, या उद्योगाला उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर 'स्टीलहेड फिशिंग' असे म्हणतात. हा छंद आहे की व्रत, याविषयी वाद घालण्याचे कारण नाही, कारण व्रताची सर्व लक्षणे त्यात सापडतात: पहाटे उठणे आहे, थंड पाणी आहे, एकच क्रिया ठरावीक संख्येने करणे आहे, घरच्यांना त्रास आहे आणि फळाची हमी नाही. संख्याही परंपरेने ठरलेली असून तिकडचे लोक स्टीलहेडला 'हजार फेकींचा मासा' म्हणतात; गळ हजार वेळा पाण्यात फेकावा तेव्हा हा मासा एकदा लागतो, असा त्या नावाचा अर्थ आहे. दर दोन मिनिटांना एक फेक आणि दिवसाचे सहा तास असा हिशेब धरला तर हजार फेकींना साडेपाच दिवस लागतात, म्हणजे शनिवार-रविवारच्या सुट्टीवर जगणाऱ्या माणसाला जवळजवळ तीन आठवडे. मासा मात्र गणित शिकलेला नसतो. अकराशेव्या फेकीलाही तो येत नाही, आणि शेजारच्या खडकावर उभ्या असलेल्या, काठी आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतलेल्या बारा वर्षांच्या मुलाला तो तिसऱ्या फेकीला लागतो.

हा मासा मुळात कोण, हे समजल्याखेरीज या व्रताचे काठिण्य ध्यानात येणार नाही. ट्राउट हे थंड, स्वच्छ आणि प्राणवायूने समृद्ध अशा पाण्यात राहणाऱ्या माशांचे कुळ असून त्यातला अंगावर गुलाबी पट्टा मिरवणारा 'रेनबो ट्राउट' आणि स्टीलहेड हे दोन्ही एकाच जातीचे आहेत. शास्त्रज्ञ दोघांनाही 'ऑन्कोरिंकस मायकिस' या एकाच नावाने ओळखतात. एकाच आईबापांच्या पिल्लांपैकी काही जन्मभर गावच्या ओढ्यात राहतात आणि काही महासागराची वाट धरतात. राहिला तो रेनबो आणि गेला तो स्टीलहेड. कोकणातल्या वाचकाला हा प्रकार अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. परमुलखात दोन-तीन वर्षे भरपूर खाऊन, पोलादासारखी चकाकी अंगावर घेऊन हा चाकरमानी अंडी घालण्यासाठी आपल्या जन्माच्या नदीत परततो, तेव्हा गावी राहिलेला भाऊ वीतभर आणि हा हातभर असा फरक पडलेला असतो. त्यातही जे उन्हाळ्यात नदीत शिरतात ते अंडी घालतात थेट पुढच्या वसंतात, म्हणजे गणपतीला आलेल्या पाहुण्याने शिमगा उरकूनच परत जाण्यासारखे. आणि एवढ्या मुक्कामात ते जवळजवळ काहीही खात नाहीत. पॅसिफिकमधले बहुतेक सामन मासे एकदा अंडी घालून प्राण सोडतात, पण स्टीलहेडपैकी काही पुन्हा समुद्र गाठतात आणि पुन्हा येतात, यावरून त्यांना गावचा लोभ किती असावा हे दिसते.

आता जो खातच नाही तो गळाला तोंड का लावतो, या प्रश्नावर नदीकाठी जेवढी चर्चा झाली आहे तेवढी कोणत्याही वेदान्तसूत्रावर झाली नसेल. एक मत असे की त्याला राग येतो. दुसरे असे की लहानपणी याच ओढ्यात किडे खाल्ल्याची त्याला सवय उरलेली असते, आणि संकष्टीच्या दिवशी बटाटेवड्यांच्या गाडीवरून जाताना पावले जशी आपोआप मंदावतात तसे त्याचे होते. तिसरे मत असे की माशाला हात नसल्यामुळे कोणतीही नवी वस्तू चाचपून पाहायची तर त्याला तोंडाचाच उपयोग करावा लागतो. चौथे मत ज्याला त्या दिवशी मासा लागला असेल त्याचे असते, आणि ते ऐकून घ्यावेच लागते.

गळाला गांडूळ किंवा दुसरे काही खाद्य लावण्यास या पंथातील कर्मठ लोक कमीपणा मानतात. ते 'फ्लाय' वापरतात, म्हणजे पिसे, केस, रेशीम आणि चमकी धाग्याने गळाभोवती बांधलेली कृत्रिम माशी, जी स्टीलहेडच्या बाबतीत बहुधा कोणत्याच माशीसारखी दिसत नाही. इंग्लंडमध्ये या विद्येवरचे पुस्तक १४९६ साली छापले गेले याचा इंग्रजी वाचकांना मोठा अभिमान आहे. परंतु त्याच्या साडेतीन शतके आधी कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' या नावाखाली माशांचे प्रकार, त्यांची खाद्ये आणि गळ यांचे सविस्तर विवेचन करून ठेवले होते, आणि राजा व्यवहारी असल्यामुळे मासे रांधण्याच्या कृतीही त्याच ग्रंथात घातल्या होत्या. पिसांचे वेड पुढे इतके वाढले की २००९ साली इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयातून दुर्मीळ पक्ष्यांची २९९ कातडी चोरीस गेली, आणि चोर निघाला बासरी शिकणारा एक विद्यार्थी, ज्याला जुन्या पद्धतीच्या सामन-माश्या बांधण्याचा नाद होता. स्टीलहेडची एक प्रसिद्ध माशी आहे तिचे नाव 'हिरव्या बुडाचा स्कंक' असे आहे. स्कंक हा दुर्गंधी सोडणारा एक काळा-पांढरा प्राणी, आणि योगायोग असा की दिवसभर उभे राहून रिकाम्या हाती परतण्यालाही तिकडच्या बोलीत 'स्कंक होणे' असेच म्हणतात. त्यामुळे संध्याकाळी घरी आलेल्या माणसाने 'स्कंक' एवढेच उत्तर दिले तर तो साधन सांगतो आहे की फलश्रुती, हे चेहऱ्यावरूनच ओळखावे लागते.

या शास्त्राची प्रात्यक्षिक बाजू समजून घेण्यासाठी पोर्टलंडच्या शेजारी, बीव्हर्टन येथे संगणकाच्या नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांचे उदाहरण पुरेसे आहे. हे गृहस्थ मूळचे महाडचे. सावित्रीच्या पुराचे पाणी घरात शिरलेले त्यांनी लहानपणापासून पाहिले होते, परंतु स्वतः होऊन पाण्यात शिरण्याची बुद्धी त्यांना वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी झाली. प्रथम त्यांनी 'स्पे' पद्धतीची काठी घेतली. स्पे ही स्कॉटलंडमधली नदी असून तिच्या काठी मागे झाडी दाट असल्यामुळे दोर मागे न उडवता पाण्यावरच वळसा देऊन पुढे फेकण्याची, दोन्ही हातांनी करावयाची ही पद्धत तिथे रूढ झाली. तिची काठी बारा ते पंधरा फूट लांब असते. अशा काठ्या माशाच्या ओढीने क्वचितच मोडतात. त्या मोटारीच्या दारात आणि छताच्या पंख्यात मोडतात. गृहस्थांची पहिली काठी दारात गेली आणि दुसरी, दिवाणखान्यात सराव चालू असताना, पंख्यात गेली. त्यानंतर 'वेडर्स' आले, म्हणजे पायमोज्यांपासून छातीपर्यंत सलग शिवलेली, पाणी आत न येऊ देणारी विजार. पाणी आत न येऊ देणाऱ्या वस्त्राचा गुण असा की ते एकदा वरच्या काठावरून आत शिरलेले पाणी बाहेरही जाऊ देत नाही, आणि हा गुण गृहस्थांनी क्लॅकामस नदीत एका बुळबुळीत खडकावरून पाय निसटल्यावर स्वतः पडताळून पाहिला. काठावर आल्यावर त्यांना आडवे करून दोघांनी पाय वर धरले तेव्हा त्या विजारीतून निघालेल्या पाण्यात एक विवाहाची अंगठी, एक गाडीची किल्ली आणि आदल्या दिवशीच्या चकलीचा अर्धा तुकडा होता.

बुटांची कथा वेगळी आहे. पाय घसरू नये म्हणून पूर्वी बुटांच्या तळव्याला लोकरीचा जाड नमदा लावत; पण ओल्या नमद्यात दडून 'डिडिमो' नावाचे शैवाल एका नदीतून दुसरीत जाते असे लक्षात आले. हे शैवाल दगडांवर शेंबडासारखे पसरते, आणि त्याचे इंग्रजीतले बोलीनावही नेमके तेच आहे. न्यूझीलंडने २००८ साली अशा तळव्यांवर बंदी घातली आणि अमेरिकेतील काही राज्यांनी तिचे अनुकरण केले. गृहस्थांनी नमद्याचे बूट ज्या आठवड्यात घेतले त्याच आठवड्यात त्यांनी अलास्काला जाण्याचे ठरवले होते, आणि अलास्कात त्या वेळी ते चालत नव्हते हे त्यांना विमानतळावर, बूट बांधलेल्या पेटीचे जादा वजन भरल्यानंतर कळले.

फेक शिकवणाऱ्या गुरुजींनी पहिल्या दिवशी सांगितले की दोर पाण्यावर आडवा टाकावा, प्रवाहाने तो काठाकडे वळू द्यावा, मग एक पाऊल खाली सरकावे आणि पुन्हा टाकावा. एवढेच. हे एवढेच गृहस्थ तीन हिवाळे करत होते. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या गळाला दोन फांद्या, गुरुजींची टोपी आणि स्वतःचा उजवा कान लागला. कित्येक नद्यांवर कायद्याने गळाचा उलटा काटा चेपून गुळगुळीत करावा लागतो, त्यामुळे कान तत्काळ सुटला आणि माशांच्या हितासाठी केलेल्या नियमाचा पहिला लाभार्थी माणूस ठरला. नदीकाठच्या दुकानदाराशी होणारा संवाद दर आठवड्याला एकच असे.

"लागतायत का?"

"मंगळवारी लागत होते."

"आज शनिवार आहे."

"म्हणून तर."

दुसऱ्या गळकऱ्याला विचारून काही उपयोग नसतो, कारण हा समाज जमिनीच्या सातबाऱ्याइतकाच आपला डोह जपतो. "कुठे लागला?" असे विचारले तर "नदीत," असे उत्तर येते, आणि "कुठल्या नदीत?" असे विचारले तर "ओल्या," असे. याच मंडळींनी सांगितलेल्या माशाच्या लांबीतून चौथा हिस्सा वजा करावा असा संकेत आहे. छायाचित्रातला मासा मोठा दिसावा म्हणून तो हात लांब करून कॅमेऱ्यापुढे धरण्याची जुनी रीत आहे, परंतु वॉशिंग्टन राज्यात सोडून द्यावयाचा रानटी स्टीलहेड पाण्याबाहेर काढणेच बेकायदा असल्यामुळे तिथे माणसाला माशाशेजारी पाण्यात गुडघे टेकून छायाचित्र काढून घ्यावे लागते, आणि त्यात मासा छान येतो पण माणूस क्षमायाचना करत असल्यासारखा दिसतो.

तिसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतील एका रविवारी, गृहस्थांना स्टीलहेड लागला. त्या दिवसांत त्यांच्या मातोश्री सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी महाडहून आल्या होत्या, आणि त्यांनी सकाळीच आले-लसूण वाटून, कोकमे भिजत घालून तवा तयार ठेवला होता.

"मिळाला?"

"मिळाला, आई. अठ्ठावीस इंच."

"मग कुठंय?"

"सोडला."

"सुटला म्हण."

"सुटला नाही. सोडला."

"का रे? खराब होता?"

"नाही, चांगला होता म्हणूनच सोडला. खराब असता तर आणला असता."

मातोश्रींनी कोकमाच्या वाटीवर झाकण ठेवले आणि असे शिक्षण अमेरिकेतल्या कोणत्या बाजारात मिळते, अशी पृच्छा केली. त्यांची शंका रास्त होती, आणि तिचे उत्तर माशाच्या पाठीवर आहे. पाठीच्या मागच्या टोकाला, शेपटीच्या थोडा अलीकडे, ट्राउटकुळातील माशांना 'मेदपर' नावाचा बोटाच्या पेराएवढा मांसल पर असतो. धरणांमुळे आणि जंगलतोडीमुळे नद्यांतले मासे आटले तेव्हा सरकारने मत्स्यबीज केंद्रे काढून सिमेंटच्या हौदांत लाखो पिल्ले वाढवली आणि नदीत सोडण्यापूर्वी त्यांचा मेदपर कापण्याची पद्धत पाडली, म्हणजे परत आल्यावर सरकारी मासा कोणता आणि रानटी कोणता हे ओळखता येते. पर कापलेला असेल तर खावा आणि पर शाबूत असेल तर सोडावा, असा तिथे सर्वसाधारण नियम आहे. अशा रीतीने जगात प्रथमच माशाला ओळखपत्राची आवश्यकता निर्माण झाली, आणि ज्याच्याजवळ ते असेल तोच तव्यात जातो हा त्यातला विशेष. त्या दिवशी नदीवर तपासणीला आलेल्या शिपायालाही गृहस्थांचा हा तर्कशुद्धपणा आवडला नाही, कारण गृहस्थ त्याला परवाना दाखवण्याऐवजी माशाचा पर शाबूत असल्याचे छायाचित्र दाखवत होते आणि परवाना त्या विजारीच्या तळाशी, डाव्या पायाच्या अंगठ्याजवळ होता.

येथवर हास्यास्पद ठरला तो गळ टाकणारा. परंतु न्याय करावयाचा तर त्याच्या भोवतालची शहाणी, पगारी, कचेरीत बसणारी माणसेही या शर्यतीत मागे नाहीत. ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील ओढ्यांत पूर्वी पडलेल्या झाडांचे प्रचंड ओंडके असत. ते माशांची वाट अडवतात अशा समजुतीने विसाव्या शतकाच्या मध्यास सरकारी खात्यांनी यंत्रे लावून, पैसे मोजून ते बाहेर काढले. नंतर असे आढळले की त्याच ओंडक्यांमुळे डोह तयार होत होते, सावली पडत होती आणि पिल्लांना पुरात आडोसा मिळत होता. तेव्हा त्याच खात्यांनी पुन्हा पैसे मोजून नवे ओंडके आणले आणि जिथे रस्ता नव्हता तिथे ते हेलिकॉप्टरने खाली सोडले. एका ओढ्यावर ओंडके काढण्याचे आणि घालण्याचे काम एकाच कंत्राटदाराला मिळाले असल्यास त्याने आनंदाने सत्यनारायण घातला असेल.

बीव्हरचे प्रकरण याहून सरस आहे. बीव्हर हा तीक्ष्ण दातांनी झाडे पाडून ओढ्यावर बांध घालणारा केसाळ प्राणी. त्याच्या बांधामुळे पाणी जमिनीत मुरते आणि उन्हाळ्यात गार राहून हळूहळू बाहेर पडते. युरोपात टोप्यांसाठी त्याच्या लोकरीला इतकी मागणी होती की एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका ब्रिटिश व्यापारी कंपनीने स्नेक नदीच्या प्रदेशातले बीव्हर मुद्दाम संपवण्याचे धोरण आखले, हेतू हा की अमेरिकन व्यापाऱ्यांना तिकडे येण्याचे प्रयोजनच उरू नये. पुढे १९४८ साली आयडाहो राज्याच्या वन्यजीव खात्याने वस्तीजवळ उपद्रव देणारे ७६ बीव्हर लाकडी पेट्यांत घालून, महायुद्धातून उरलेल्या हवाई छत्र्या बांधून, विमानातून दुर्गम डोंगरात सोडले. पेटी जमिनीला लागताच उघडते की नाही हे पाहण्यासाठी एका वयस्क बीव्हरला पुनःपुन्हा खाली टाकण्यात आले होते, आणि त्याला 'जेरोनिमो' असे योद्ध्याचे नाव मिळाले होते. आता, जिथे बीव्हर उरले नाहीत तिथे, पदवीधर माणसे ओढ्यात खुंट ठोकून त्यांत फांद्या विणतात आणि बीव्हरच्या बांधाची नक्कल करतात. ऑरेगनमधील ब्रिज क्रीक या ओढ्यावर असे नकली बांध घातल्यावर खरे बीव्हर तिथे रमले आणि स्टीलहेडची पिल्लेही वाढली, हे मान्य करावे लागते. फक्त बीव्हर हे काम रात्रपाळीत, बिनपगारी आणि अहवाल न लिहिता करतो.

सिएटल शहरातील बॅलर्ड जलपाशांजवळ, म्हणजे बोटींना समुद्राच्या पातळीवरून तळ्याच्या पातळीवर उचलणाऱ्या दरवाजांच्या रचनेजवळ, परतणाऱ्या स्टीलहेडना एका अरुंद वाटेने वर जावे लागते. १९८०च्या दशकात समुद्रसिंहांना या वाटेचा पत्ता लागला आणि त्यांनी तिथे खाणावळ मांडली. त्यांना हाकलण्यासाठी पाण्यात फटाके फोडून पाहिले. त्या फटाक्यांना ते सरावले. त्यांना पकडून शेकडो मैल दक्षिणेला कॅलिफोर्नियात नेऊन सोडले. ते काही आठवड्यांत पोहत परत आले. अखेरीस त्यांच्या शत्रूची, म्हणजे काळ्या-पांढऱ्या 'किलर व्हेल'ची, फायबरग्लासची प्रतिकृती पाण्यात उभी करण्यात आली. शेतातल्या बुजगावण्यावर बसलेला कावळा ज्याने पाहिला आहे त्याला पुढचे सांगायला नको. त्या वाटेने जाणारी हिवाळी स्टीलहेडची पिढी मात्र जवळजवळ संपून गेली, आणि या परिच्छेदात हसण्यासारखे जे होते ते इथे संपते.

कोलंबिया आणि स्नेक या नद्यांवर आठ धरणे ओलांडून समुद्राकडे जाणाऱ्या पिल्लांची सोय म्हणून लष्कराच्या अभियंत्यांनी त्यांना मोठ्या होड्यांत आणि टाकीच्या मालमोटारींत भरून धरणांच्या खाली नेऊन सोडण्याची व्यवस्था केली आहे. मासा मोटारीने समुद्राला जातो आणि माणूस त्याच्यासाठी नदीत चालतो, ही विभागणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांपैकी बॉनव्हिल धरणावर वर चढणाऱ्या माशांसाठी पाण्याचा जिना असून त्याच्या बाजूला काचेची खिडकी आहे, आणि खिडकीशी बसून जाणारा प्रत्येक मासा मोजणे ही एक अधिकृत नोकरी आहे. हे आकडे रोज जाहीर होतात. गृहस्थ सकाळी उठून शेअरबाजाराआधी ते पाहत, आणि आकडा वाढला तर घरात सर्वांशी नीट बोलत.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे, ती म्हणजे गार पाणी. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. दहा अंशांवर लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू वीस अंशांवर ९ मिलिग्रॅमच्या आसपास येतो, आणि वीसच्या वर गेले की ट्राउटला धाप लागते. त्या अवस्थेत गळाशी झुंजलेला मासा सोडून दिला तरी नंतर मरू शकतो, म्हणून मोंटाना राज्यात नदीचे तापमान सलग तीन दिवस सुमारे २३ अंशांना पोहोचले की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवतात. परिणामी जाणता गळकरी खिशात थर्मामीटर बाळगतो. स्वतःच्या अंगात १०२ ताप असताना नदीवर गेलेला माणूस पाण्याला एक अंश कणकण आहे म्हणून परत फिरल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

आणि इथेच या वेडाची किंमत, अगदी रोकड अर्थाने, समजून घ्यावी लागते. अमेरिकेत १९५०च्या एका कायद्यान्वये काठी, रीळ, गळ, माशी यांवर उत्पादनाच्या वेळीच दहा टक्क्यांच्या आसपास कर घेतला जातो, आणि तो राज्यांना माशांच्या संवर्धनासाठीच दिला जातो. गृहस्थांच्या दारात आणि पंख्यात मोडलेल्या काठ्या आणि, अलास्काला न पोहोचलेले बूट सोडले तरी, न लागलेल्या माश्यांच्या सात डब्या, या सर्वांतून कुठल्यातरी ओढ्याच्या काठाला थोडी सावली मिळाली असणार. १९५९ साली मिशिगनमधील ऑ सेबल नदीकाठी ज्या गळकऱ्यांनी एकत्र येऊन 'ट्राउट अनलिमिटेड' ही संस्था काढली, त्यांचीही मूळ तक्रार अशी होती की सरकार नदी सुधारण्याऐवजी हौदातले मासे ओतते आहे. नदीसाठी नदी वाचवावी असे म्हणणारे संत थोडे असतात. आपला डोह वाचला पाहिजे म्हणून बारा वर्षे सुनावण्यांना हजर राहणारे हट्टी लोक पुष्कळ असतात, आणि धरणाच्या कागदपत्रांना तेच पुरून उरतात. वॉशिंग्टनमधील एल्व्हा नदीवर १९१३ आणि १९२७ साली पूर्ण झालेली दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडली गेली, त्यामागे मुळात तेथील क्लॅलम आदिवासींचा दीर्घ लढा होता, पण गळकरीही त्या बाजूला उभे होते. धरण गेल्यावर उन्हाळी स्टीलहेड परत दिसू लागले. त्यांचा माग काढला तेव्हा समजले की धरणाच्या वर शंभर वर्षे अडकलेल्या रेनबो ट्राउटच्या वंशातूनच ते निपजले होते. चार पिढ्या गावाबाहेर पाऊल न टाकलेल्या घरातला मुलगा रस्ता मोकळा होताच समुद्राला निघावा, तसे.

जून महिन्यात मातोश्रींना परतण्यापूर्वी काहीतरी दाखवावे म्हणून गृहस्थ त्यांना घेऊन दक्षिणेला नॉर्थ अम्पक्वा नदीच्या खोऱ्यात, स्टीमबोट क्रीक या तिच्या उपनदीवर गेले. या ओढ्यात १९३२ पासून मासेमारी बंद आहे. त्यातला 'बिग बेंड' हा गार पाण्याचा डोह उन्हाळ्यात स्टीलहेडनी भरलेला असतो, आणि पूर्वी चोरून मासे मारणारे लोक तिथे सुरुंग टाकत. म्हणून ली स्पेन्सर नावाचे पुरातत्त्वज्ञ १९९९ पासून वर्षानुवर्षे, उन्हाळ्यापासून पहिल्या मोठ्या पावसापर्यंत, आपल्या कुत्रीसह त्या डोहाच्या काठी पहारा देत बसत आणि मासे काय करतात ते वहीत लिहीत. स्पेन्सर स्वतःही गळकरी होते, पण पुढे ते माशीच्या गळाचे टोकच कापून टाकून मासेमारी करू लागले; मासा वर येऊन माशीला तोंड लावतो एवढे दिसले की त्यांचे काम होत असे. गृहस्थांनी ही हकीकत मोठ्या आदराने सांगितली. मातोश्रींनी काठावरून खाली पाहिले. काळ्याभोर पाण्यात हातभर लांबीच्या सावल्या प्रवाहाकडे तोंड करून ओळीने उभ्या होत्या.

"एवढे सगळे इथं उभे आहेत, आणि तू तिकडं तीन वर्षं?"

"इथे गळ टाकायला बंदी आहे, आई."

"अस्सं. आपल्या वाळणकोंडीसारखं."

महाडजवळच्या काळ नदीतील वाळणकोंडीच्या डोहातले महसीर हे देवीचे मासे समजले जातात, त्यामुळे त्यांना कोणी धरत नाही, आणि ही व्यवस्था परवाना, पर, टोक आणि पहारेकरी यांपैकी काहीही नसताना चालू आहे. मातोश्रींनी पिशवीत हात घातला.

"कुरमुरे आणलेस का रे?"

"हे मासे खात नाहीत. समुद्रातून आल्यापासून काहीच खात नाहीत."

"उपास?"

"उपासच म्हण."

मातोश्रींनी क्षणभर विचार केला, पाण्याकडे पाहून हात जोडले आणि मग, एक वाजून गेला होता म्हणून, डबा उघडला. डब्यात भाकरी होती, लसणाची चटणी होती आणि रव्यात तळलेल्या तुकड्या होत्या, बीव्हर्टनच्या दुकानातून आणलेल्या, पिंजऱ्यात वाढवलेल्या स्टीलहेडच्या.